दीड तासाचं कुवेत

१

आमच्या अक्काचं ओरडणं मी पन्नास वर्षं ऐकत आलोय. दूध उतू गेलं तरी ती ओरडते आणि मांजर आडवं गेलं तरी. पण त्या गुरुवारी दुपारी तिनं नुसतं "सिद्धू" म्हणून हाक मारली, तीही हळू, आणि मी हातातलं काम टाकून धावलो.

माझं कापडाचं दुकान नवी पेठेत आणि मागच्याच बोळात अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्कम्माचं घर. मी माजघरात गेलो तर कपाटाचं दार सताड उघडं. अक्का जमिनीवर बसलेली, मांडीवर एक लाल फडकं. फडक्यात काहीच नव्हतं.

"पाटल्या?" मी विचारलं.

"पाटल्या बी न्हाईत, बोरमाळ बी न्हाय."

भावजी गेले त्या दिवशी अक्कानं हे सोनं अंगावरून उतरवलं आणि धाकट्या मुलाच्या, मल्लप्पाच्या बायकोसाठी म्हणून बांधून ठेवलं. मल्लप्पाचं लग्न अजून व्हायचं होतं, तेव्हा त्या फडक्याला एरवी कुणी हात लावत नसे. सध्या घाई होती ती मुलीच्या, गुरम्माच्या लग्नाची. ते आठ दिवसांवर आलं होतं. रुखवतात मांडायचा चांदीचा तांब्या शोधायला अक्का खालच्या कप्प्यात शिरली आणि फडकं हाताला हलकं लागलं.

कुलूप शाबूत होतं. या कपाटाची एक खोड आहे. किल्ली अर्धी फिरवायची, मूठ वर उचलायची, मग उरलेली फिरवायची. परका माणूस घाम गाळून बसला तरी दार हलायचं नाही. मीसुद्धा त्याच्यापुढं दोन-तीनदा हसं करून घेतलंय.

आणि किल्ली होती चंद्रव्वाच्या कमरेला. चंद्रव्वा म्हणजे अक्काची थोरली सून. अक्काला ती कानडीत अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून घर तीच ओढते. सोमवारी आम्ही सगळे मंद्रूपला कुलदेवापुढं पहिली पत्रिका ठेवायला गेलो होतो, तेव्हा घरी ती एकटीच होती. विधवेनं पहिल्या पत्रिकेबरोबर जायचं नाही अशी आमच्याकडची रीत. अक्का स्वतः विधवा असून गेली, कारण ती घरातली कर्ती. रीती अशाच वाकतात.

अक्कानं चंद्रव्वाला पुढ्यात बसवलं. "कुटं ठेवलंस?"

"सांग की, कुठं ठेवलंस?" मीही विचारलं.

"गळ्यातल्या लिंगावर हात ठेव," अक्का म्हणाली. "म्हण, मला यातलं काय बी ठाव न्हाय. मग मी एक अक्षर बोलणार न्हाय."

आमच्यात ही शपथ शेवटची. इष्टलिंगावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. चंद्रव्वाचा हात गळ्यापर्यंत गेला, थांबला आणि खाली आला.

"चोरलं न्हाय म्हणून शपथ घेते, अत्ती. ठाव न्हाय म्हणून घेत न्हाय."

२

पोलिसात जायचं तर दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मोहोळची मंडळी. गुरम्माच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर चोरी गेली असती तर आमची अब्रू वेशीला टांगली गेली असती. दुसरी अडचण जरा नाजूक होती. मल्लप्पा शुक्रवारी कुवेतहून येणार होता आणि बहिणीसाठी सोनं आणणार होता. ते कस्टमला दाखवून आणणार नव्हता हे सांगायला ज्योतिषी नको. घरात पोलीस आले तर त्यांनी गेलेलं सोनं शोधायच्या आधी आलेलं सोनं मोजलं असतं.

मल्लप्पाला कुवेतला जाऊन दीड वर्ष झालं होतं. अक्कानं त्याचं कुवेत साऱ्या पेठेला पाठ करून दिलं होतं. तिथं पाणी विकत मिळतं, तिथं मोटारीत गार वारं येतं, तिथं सोनं भाजीसारखं दुकानात लटकतं. मोहोळकरांनाही तिनं सोन्याचाच शब्द दिला होता. "भाऊ कुवेतात हाय, पोरीचा हात मोकळा ऱ्हाणार न्हाय," म्हणून.

शुक्रवारी रात्री स्टेशनवर मीच गेलो. दुपारी एकला मुंबईहून सुटणारी गाडी दहाच्या सुमारास सोलापूरला आली आणि मल्लप्पा डब्यातून उतरला. अंगावर चकचकीत शर्ट, हातात ट्रान्झिस्टर, मनगटावर मोठं घड्याळ. चेहरा मात्र ओढलेला. टांग्यात मी त्याला चोरीचं सांगितलं. त्यानं टांग्याची दांडी अशी घट्ट धरली की मला वाटलं, पोराला प्रवासाची भोवळ आली.

घरी त्यानं गुरम्माच्या हातात चार बांगड्या घातल्या. जाड, पिवळ्याधमक. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या बजाबाईला भिंतीवरून हाक मारून दाखवून झाल्या. चंद्रव्वा चुलीपाशी उभी होती. तिनं बांगड्यांकडं बघितलं नाही, मल्लप्पाकडंही बघितलं नाही. ज्याला तिनं तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत कडेवर घेऊन वाढवलं, तो दीड वर्षानं आला, तर तिनं नुसतं पाणी आणून ठेवलं. माझ्या मनाला ते खुपलं, पण तेव्हा उमगलं नाही.

"लगीन झालं की तिनं मंद्रूपचा रस्ता धरायचा," अक्का सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या घरात चोर नको."

मंद्रूपला चंद्रव्वाचा भाऊ होता. त्याची बायको चंद्रव्वाला सणालासुद्धा ताटावर बसवत नसे. सोळाव्या वर्षी या घरात आलेली बाई, चाळिशीत चोर म्हणून त्या दारात जाऊन काय उभी राहणार होती?

मल्लप्पा ताटावरून उठला. त्यानं भाकरीला हातही लावला नव्हता.

मला रात्रभर झोप लागली नाही. उठलो, बसलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. शेवटी बायको म्हणाली, "वकिलाकडं जावा एकदाचं. निदान मला तरी झोपू द्या."

३

वकील म्हणजे यशवंत सर्वगोड. माझा शाळूसोबती. फौजदारी वकील, आवाज मऊ आणि नजर पक्की. उलटतपासणीत तो कधी ओरडत नाही. गप्पा मारतो, आणि साक्षीदार आपल्याच पायानं खड्ड्यात उतरतो.

शनिवारी सकाळी मी त्याला घेऊन आलो. अक्कानं त्याला आत न बोलावता सोप्यातच बसवलं आणि चहा वेगळ्या पेल्यात पाठवला. मला तिचा राग आला. यशवंतनं पेला उचलला, संपवला आणि खाली ठेवला. असल्या पेल्यांची त्याला लहानपणापासून ओळख होती.

"सोमवारी घरात आणखी कोण होतं?" त्यानं विचारलं.

शिवप्पा होता. लग्नासाठी सोप्याला चुना देत होता. अक्काचा दुसरा संशय त्याच्यावर. आजही तो शिडीवरच होता, त्याला खाली बोलावला.

"मी दुपारपतुर बी नव्हतो, साहेब," शिवप्पा म्हणाला. "जेवायच्या वक्ताला वैनी बाहेर आल्या. म्हणल्या, आज पुरे, उद्या ये. म्हणलं, भिंत अर्धी हाय की. तर म्हणल्या, पुऱ्या दिवसाची मजुरी घे पण जा. मला काय, मी गेलो."

"असं आधी कधी झालं होतं?"

"वैनी? अवो, पाच वाजायच्या आत बादली ठेवली तर त्या माझा जीव घेत्यात."

यशवंत हसला. मग त्यानं भिंतीपलीकडच्या बजाबाईला नमस्कार केला. बजाबाईला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. लग्न, ऊन, नळाचं पाणी, सगळं झालं. मग ती म्हणाली, "आन् चोरी केल्याली बाई अशी गूळ मागाय येती व्हय? सोमवारी दुपारी आलती. गूळ संपलाय म्हणली, वाटीभर द्या. शेंगापोळ्या लाटायच्या हाईत म्हणली."

"शेंगापोळ्या," यशवंत म्हणाला. "एकटीसाठी?"

बजाबाईनं कपाळावर हात मारला. "व्हय की हो. मला बी तवा काय वाटलं न्हाय बगा."

शेंगापोळी म्हणजे खटाटोप. दाणे भाजा, कुटा, गूळ मिसळा, कणीक तिंबा. एकटी बाई, तीही विधवा, घर रिकामं असताना तव्यावर कालची भाकरी गरम करून खाते. आणि आम्ही रात्री परत आलो तेव्हा आम्हांला पोळीचा तुकडाही दिसला नव्हता. मी यशवंतकडं बघितलं. शिवप्पानं सोमवारी अर्धी सोडलेल्या भिंतीकडं तो बघत होता.

शेवटी त्यानं चंद्रव्वाला विचारलं. ती दाराआड उभी राहून बोलली.

"वहिनी, सोमवारी कोण आलं होतं?"

तिनं दार जरा ओढून घेतलं.

"बरं. चोरी कुणी केली असं तुम्हाला वाटतं?"

"चोरी कुणीच केली न्हाय, वकीलसाहेब."

आतून अक्काचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि दार लागलं.

४

मल्लप्पा संध्याकाळी माझ्या दुकानात आला. यशवंतनंच त्याला बोलवायला सांगितलं होतं, पण बोलावल्यासारखं दिसू दिलं नाही. चहा मागवला. मल्लप्पा गादीच्या कडेला बसला, उठला, रस्त्याकडं बघून आला, पुन्हा बसला. समोरून माणसांची रीघ चाललेली, रिक्षावाले भोंगे मारत वाट काढत होते, आणि त्याचं सगळं लक्ष त्या गोंगाटात.

"काय रे, बांगड्या कस्टमवाल्यांनी सोडल्या?" यशवंतनं विचारलं.

"आतल्या खिशात व्हत्या, काका. कुणी इचारलं न्हाय."

"नशीब तुझं. मला तर विमानाचीच भीती वाटते बघ. केवढं लांब ते कुवेत! दिवस मोडत असेल नाही?"

मल्लप्पाचा चेहरा जरा उजळला. हे त्याला सांगता येण्यासारखं होतं. "छे ओ काका, कसला दिवस! सकाळी आठला कुवेतात बसलो, साडेनऊला सांताक्रूझला उतरलो. दीड तास. नाष्ट्याची थाळी उचलत्यात तवर मुंबई खाली दिसाय लागती."

"दीड तास!" मी म्हणालो. मला खरंच नवल वाटलं. "अरे, इथून एष्टीनं मोहोळच्या जरा पुढं जाईपर्यंत तेवढा वेळ जातो!"

"मग? जेट इमान हाय ते, मामा."

"वा," यशवंत म्हणाला. "आणि उतरल्यावर?"

"उतरलो, सामान घेतलं, बोरीबंदरला आलो, जेवलो, एकची गाडी धरली. मामाच आलते की टेशनवर."

"हो, ते सिद्धलिंगानं सांगितलं मला. हे घड्याळ तिकडचंच?"

"व्हय." मल्लप्पानं मनगट पुढं केलं.

"छान आहे. मुंबईला उतरल्यावर लावून घेतलंस का रे?"

"लावायचं म्हंजे? चावी लागत न्हाय ह्याला, काका. हात हालला की आपोआप चालतंय."

"बरोबर चालतं?"

"मिनटाचा बी फरक न्हाय. घेतल्यापास्नं काटा हलवल्याला न्हाय."

यशवंतनं ते दुकानातल्या घड्याळाशी ताडून बघितलं, मान डोलावली आणि धोतरजोड्यांचे भाव विचारायला लागला. मल्लप्पा थोडा वेळ बसला आणि निघून गेला. जाताना चपला उलट्या घातल्या, पुन्हा काढल्या, नीट घातल्या.

"पोरगा दमलाय," मी म्हणालो.

"दमलाय," यशवंत म्हणाला. "पण विमानानं नाही. तो विमानात कधी बसलेलाच नाही, सिद्धलिंग."

५

माझा पहिला विचार असा की यशवंतला ऊन लागलं. मी त्याला तसं सांगितलंही. त्यानं मला उठवलं आणि आपल्या घरी नेलं. तिथं त्याच्या मुलीचं नकाशाचं पुस्तक आमच्या पुढ्यात आलं.

त्यानं मुंबई ते कुवेत असा एक दोरा ताणला आणि तोच दोरा नकाशाखालच्या मापावर ठेवला. "बघ. पावणेतीन हजार किलोमीटर तरी भरतं. सोलापूर ते मुंबई साडेचारशे, त्याच्या सहापट. मोठं जेट विमान तासाला आठशे-साडेआठशे जातं. चढणं, उतरणं धरलं तर चार तास लागणारच. दीड तासात पोचायचं तर बंदुकीची गोळीच व्हायला पाहिजे."

"मग तो विसरला असेल. बढाई मारली असेल."

"बढाई मारायची तर गोल आकडा मारला असता, एक तास म्हणाला असता. आठ ते साडेनऊ हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलंय, आणि ज्यानं सांगितलं तो खरं बोलत होता. गंमत ऐक. सूर्य आधी आपल्याकडं उगवतो, मग तिकडं. म्हणून कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. आपल्याकडं आठ वाजले की तिथं साडेपाच. आता मुंबईहून सकाळी आठला विमान निघालं. चार तास उडालं. आपले बारा वाजले. पण उतरणारा माणूस तिथल्या भिंतीवर बघतो, तर साडेनऊ."

मी बोटांवर मोजलं. बरोबर होतं.

"म्हणजे मुंबईहून जाणारा माणूस पत्रात लिहितो, आठला बसलो, साडेनऊला उतरलो. मल्लप्पानं तेच उलटं करून सांगितलं. त्याला वाटलं, जायला दीड तास तर यायलाही दीड तास. आपण एष्टीचं असंच धरतो की. पण येताना अडीच तास परत भरायचे असतात. कुवेतहून आठला निघालेला माणूस सांताक्रूझला उतरतो तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात."

"अडीच," मी म्हणालो. "आणि त्याची गाडी सुटली एकला."

"तू स्वतः त्याला त्या गाडीतून उतरवून घेतलंस. गाडी खोटी नाही, म्हणजे विमान खोटं. शिवाय कुवेतात घेतलेलं घड्याळ, काटा कधी हलवला नाही म्हणतो, आणि वेळ आपली दाखवतं. जो खरोखर गेला आणि आला त्याला असलं काही सांगावं लागत नाही. ही चूक फक्त निरोप द्यायला जाऊन मागं राहिलेला माणूस करतो."

मग मला सगळं एकदम दिसायला लागलं आणि नकोसं झालं. मल्लप्पा मुंबईतच असेल तर सोमवारी तो इथं येऊ शकत होता. कपाटाची खोड त्याला ठाऊक. "म्हणजे आमचा मल्लप्पाच चोर?"

"किल्ली कुणाच्या कमरेला होती?" यशवंतनं विचारलं. "शिवप्पाला मजुरी देऊन कुणी घालवलं? आणि शेंगापोळ्या कुणाला आवडतात?"

अक्का कौतुकानं सांगते, मल्लप्पाला लहानपणी सहा शेंगापोळ्या लागायच्या. हे मला माहीत होतं. मी नकाशाचं पुस्तक मिटलं.

"चंद्रव्वा म्हणाली ना, चोरी कुणीच केली नाही. मला वाटतं, ती अगदी खरं बोलली."

तेवढ्यात दुकानातला गडी धापा टाकत आला. अक्कानं बेत बदलला होता. मोहोळच्या बायका रविवारी येणार, त्यांच्या आधी चंद्रव्वाला सकाळच्या मंद्रूपच्या एष्टीत घालायचं. टांगा सांगून ठेवला होता.

६

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा टांगा दारात उभा होता. चंद्रव्वा सोप्यात उभी, काखेत एक बोचकं. किल्ल्यांचा जुडगा तिनं जमिनीवर काढून ठेवला होता. गुरम्मा खांबाला टेकून रडत होती. मल्लप्पा माजघराच्या दारात होता आणि त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"अक्का, थोडं थांबा," यशवंत म्हणाला. "मल्लप्पा कुवेतहून आलेला नाही."

त्यानं आवाज चढवला नाही. आठ, साडेनऊ, अडीच, एकची गाडी, सगळं सरळ सांगितलं. अक्काला त्यातलं किती कळलं देव जाणे. आपल्या पोराला कुणीतरी खोटं ठरवतंय एवढं नक्की कळलं.

"वकील, तू तुझ्या कोर्टात शाणा असशील," ती म्हणाली. "माझं लेकरू खोटं बोलत न्हाय. मल्ल्या, ये हिकडं. घाल हात लिंगावर. म्हण, मी कुवेतहून इमानानं आलो. कर ह्याचं तोंड बंद!"

मल्लप्पाचा पाय हलायचा थांबला. त्यानं आईकडं बघितलं. मग त्याचा हात शर्टाच्या गळ्यात गेला. बोटं लिंगाभोवती मिटली. ओठ हलले. तो म्हणणार होता. मी आजही सांगतो, तो म्हणणारच होता.

"तम्मा, नको!"

चंद्रव्वाच्या काखेतलं बोचकं खाली पडलं होतं. ती दोन ढांगांत आली आणि तिनं त्याचा हात मनगटाला धरून बाहेर ओढला. "मला जाऊ दे मंद्रूपला. पर हे नको करूस. हे फिटत न्हाय रे."

मल्लप्पा तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग तो बोलला. एजंटानं त्याला मुंबईत बुडवलं होतं. त्याच्याबरोबरच्या ईरप्पाचे कागद खरे निघाले, याचे खोटे. विमानतळाच्या काचेबाहेरून ईरप्पाला हात करून तो परत फिरला. आईनं पेठभर पेढे वाटले होते, मग कुठल्या तोंडानं यायचं? भेंडीबाजारात एका खानावळीत तो ताटं उचलायला राहिला. पत्रं लिहून ईरप्पाकडं पाठवायची, ईरप्पानं ती कुवेतातून टाकायची. लग्न जवळ आलं तेव्हा खरं सांगायचं ठरवून तो सोमवारी परसदारानं चोरून आला, तर घरात फक्त वहिनी.

"वैनीनं जेवू घातलं," तो म्हणाला. "म्हणली, आता सांगितलंस तर गुरम्माचं लगीन मोडंल. हे सोनं तुझ्याच बायकोचं. ने, मुंबईत आटवून बांगड्या कर, भावाचं म्हणून बहिणीला घाल. खरंच कुवेतला जाशील तवा भरून टाक. तवर त्या फडक्याला कोण हात लावतंय?"

"आणि तिला चोर म्हणत होते तेव्हा?" यशवंतनं विचारलं.

"लगीन झाल्यावर सांगणार व्हतो, काका."

गुरम्मानं डोळे पुसले, हातातल्या चारही बांगड्या काढल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "ह्या घेऊन आत्ताच्या आत्ता मोहोळला जा, अण्णा. त्या बायका निघायच्या आत पोच. त्यास्नी समदं सांग. त्येंना पोरगी पायजे असली तर येतील. कुवेत पायजे असलं तर नको यायला."

गुरम्मा एवढं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मल्लप्पानं बांगड्या रुमालात बांधल्या आणि अनवाणीच बाहेर पडला. बजाबाईनं भिंतीवरून विचारलं, "कुटं रे कुवेतवाले?" तो बोळाच्या मधोमध थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "मी कुवेतला गेलोच न्हाय, बजाबाई. मुंबईत ताटं उचलत व्हतो." दोन-चार खिडक्या उघडल्या. अक्कानं डोळे मिटून घेतले.

चंद्रव्वानं बोचकं उचललं. मला वाटलं, आत नेऊन ठेवील. पण ती टांग्याकडं निघाली.

"आता कुटं?" अक्का म्हणाली.

"मंद्रूपला. तुमीच टांगा सांगितलाय की."

सासूनं सुनेची माफी मागायची रीत आमच्यात नाही. अक्काच्या तोंडाला तो शब्दच ठाऊक नव्हता. ती धडपडत उठली, चंद्रव्वाच्या आधी दारात पोचली आणि उंबऱ्यावर बसली. तिथं कुणी टेकलं तरी ती जन्मभर ओरडत आलेली. "मला ओलांडून जा," ती म्हणाली.

चंद्रव्वा तिच्यापुढं उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण इतकी वर्षं आम्ही ऐकला होता तो आवाजही नव्हता.

"गुरुवारपास्नं समद्यांनी मला इचारलं, कुटं ठेवलंस. तुमी इचारलं, मामांनी इचारलं. घेतलंस का, म्हणून एकानं तरी इचारायचं की, अत्ती. चोवीस वर्सं हितं ऱ्हाते मी."

मला तिथं उभं राहवेना. मी भिंतीकडं तोंड केलं. यशवंत मात्र हलला नाही.

घोड्यानं दोनदा पाय आपटला. अक्कानं खाली बघितलं, वर बघितलं. पदर तोंडाला लावला आणि काढला.

"घेतलंस का ग, चंद्रव्वा?"

"न्हाय, अत्ती."

अक्कानं हात वर केला. चंद्रव्वानं तिला दंडाला धरून उंबऱ्यावरून उठवलं, आणि दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी बाहेर जाऊन टांगेवाल्याला भाडं दिलं आणि टांगा रिकामाच परत धाडला.